ती येते कशाला

त्या साली ऊन लवकर तापलं. पाटाचं पाणी उतरायला आणि थोरलीच्या सुनेचं दूध आटायला एकच गाठ पडली.

थोरली म्हणजे खालच्या घरची म्हातारी. नवरा गेल्यापासून शेत, घर आणि एकुलता एक मुलगा तिनेच ओढत इथवर आणलेला. वस्तीवर मागे सगळे तिला थोरली म्हणत, तोंडावर काकू. अंगाने काटक, नजरेने तिखट. कुणी प्रेमाने भाजीची जुडी आणून दिली तरी ती आधी जुडी उलटी करून बघायची आणि मग देणाऱ्याचं तोंड न्याहाळायची. तिचंही काही चुकत नव्हतं. नवरा वारला तेव्हा जो दीर रोज येऊन लाकडं फोडून द्यायचा, त्यानेच वर्षाच्या आत ओढ्याकडचा तुकडा आपल्या नांगराखाली घेतला होता. तेव्हापासून कुणी हात पुढे केला की थोरली त्याचा दुसरा हात कुठे आहे ते शोधायची.

सून बाळंत झाली आणि लगेच तापाने फणफणली. शहरातल्या दवाखान्यातून परत आली ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. ताप गेला, पण अंगावर दूध नाही. शेळीचं दूध पाणी घालून दिलं तर पोरीला जुलाब लागले. डब्यातली पावडर कालवून दिली तर ती भडाभडा ओकली. पहिले काही दिवस नात घर डोक्यावर घ्यायची. मग तिचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. मोठ्या रडण्याचं थोरलीला काही वाटत नसे. या बारीक आवाजाने मात्र ती रात्री उठून झोळीपाशी जाऊन बसायची.

आणि अशात एका सकाळी वरच्या घरची सून बांध ओलांडून आली.

वरच्या घराशी यांचं बोलणं नव्हतं. पाट आधी त्यांच्या शेताला लागे, मग यांच्या. पाळी ठरलेली होती. एकाने पाणी घ्यायचं तेव्हा दुसऱ्याने आपल्या शेताचं तोंड मातीने बुजवून ठेवायचं. मागच्या हंगामात यांच्या पाळीत वरच्यांचं तोंड फुटलं. त्यांनीच फोडलं, असं यांचं म्हणणं. उंदरांनी पोखरलं, असं त्यांचं. शेवटी दोन्ही घरची पोरं फावडी घेऊन पाटात उतरली आणि थोरलीच्या मुलाच्या खांद्याला टाके पडले. तेव्हापासून वरच्यांची कोंबडी इकडे आली तरी हे तिला दगड मारून परत पाठवत.

आता त्याच घरची सून कडेवर आपला मुलगा घेऊन पायरीपाशी उभी होती. सावळी, रुंद हाडाची, कपाळावर घाम.

"द्या तिला इकडे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"पोरीला. मला दूध पुष्कळ आहे."

थोरली हलली नाही. आतून तो बारीक आवाज आला. वरची सून पायरीवर बसली, मुलाला मांडीवर घेतलं आणि वाट बघत राहिली. थोरलीचं डोकं नको म्हणत होतं, पण पाय आत गेले. तिने नातीला आणलं. देण्याआधी तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "आधी धुऊन घे."

वरच्या सुनेने मुकाट्याने अंग धुतलं, पदर ओढून घेतला आणि पोरीला लावलं. पोरीने आधी तोंड फिरवलं. मग जी धरली ती सोडेना. तिच्या घशातून गटगट आवाज येत होता. थोरली खांबाला टेकून बघत राहिली. पोरीकडे कमी, वरच्या सुनेच्या तोंडाकडे जास्त. तिथे काही वाचता येईना.

संध्याकाळी मुलगा शेतातून आला, तर थोरलीने त्याला हातपाय धुवायच्या आत सगळं सांगितलं.

"पाण्यासाठी," तो म्हणाला. "दुसरं काय असणार. आपली पाळी आली की बघ, तिचा नवरा येतो की नाही मागायला."

"मग उद्यापासून नको म्हणून सांगू?"

मुलाने झोळीकडे पाहिलं. किती दिवसांनी पोर शांत झोपली होती. "येऊ दे," तो म्हणाला. "पण तिच्याकडून काही घ्यायचं नाही आणि तिला काही द्यायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही. बोललं की अडकलो."

ती सकाळी यायची आणि उन्हं कलल्यावर यायची. थोरलीने तिला कधी घरात घेतलं नाही. पायरीवरच बसायचं, तिथेच पाजायचं. ती येण्याआधी पायरी झाडलेली नसायची आणि ती गेल्यावर थोरली पायरीवर पाणी टाकायची. वरची सून हे सगळं बघत असणार, कारण एकदा ती जाता जाता मागे वळली तेव्हा थोरलीच्या हातात बादली होती. तिने मुलाला कडेवर सरकावून घेतलं आणि बांध चढून गेली.

थोरली पोरीचं तोंड हुंगून बघायची. दुधात काही मिसळत तर नसेल? कसला काढा पोटात घेऊन पाजत असेल? पण पोर तर दिवसागणिक भरत चालली होती. मनगटाला वळ्या पडल्या. हे बघून थोरलीला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचीच धास्ती वाटायची. एवढं मोठं कुणी देतं, तर मागणार केवढं असेल?

आत सून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदा ती म्हणाली, "आई, पोर आता तिची पावलं ओळखते. पायरीवर वाजली की मान वळवते."

"वळवू दे. दूध ओळखते ती."

"माझ्याकडे वळवत नाही," सून म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

यांची पाळी आली. मुलगा दारं धरायला गेला, म्हणजे एक वाफा भिजला की त्याचं तोंड बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला. कांद्याला या पाण्याची नितांत गरज होती. थोरली वरच्यांच्या बांधाकडे गेली, त्यांचं तोंड नीट बुजवलेलं आहे ना ते बघायला. तिथे वरच्या सुनेचा नवरा उकिडवा बसला होता. थोरलीने मनात म्हटलं, आला मागायला.

त्याने काडी चघळून थुंकली. "काकू, एक विचारायचं होतं. तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"कुणाला?"

"माझ्या बायकोला. बोलावल्याशिवाय कुणी जातं का रोज? आई म्हणते, पोर पुढे करून खालचे तिला फितवतायत. उद्या म्हणतील दोन्ही घरं एकच झाली, पाळी कशाला हवी. असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका."

"आम्ही तुमच्या दारात पाय ठेवलेला नाही," थोरली म्हणाली. "आवर तिला तूच."

"आवरलं असतं ऐकली असती तर."

परत येताना थोरली ठेचकाळत आली. मुलाला सांगितलं तर तो फावड्यावर रेलून हसला. "नाटक आहे, आई. मायलेकरांनी बसवलेलं. आपल्याला वाटावं, ती बिचारी घरच्यांच्या विरुद्ध येते." थोरलीला हे पटलं. निदान पटवून घेतलं.

पण ठसठस जाईना. दुसऱ्या दिवशी वरची सून पोरीला पाजत असताना थोरली तिच्यासमोर येऊन बसली. मुलाने घातलेली बोलण्याची बंदी तिनेच मोडली.

"खरं सांग. तुला काय पाहिजे?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. तुझ्या नवऱ्याने माझ्या मुलाचा खांदा फोडला. त्याचं मनाला लागलंय का?"

"ते त्यांचं ते बघतील."

"मग पुण्य हवंय?"

वरच्या सुनेने जरा विचार केला. तिचा मुलगा शेजारी मातीत बसून थोरलीच्या चपलेचा अंगठा ओढत होता. "आमच्या खुरपणीच्या जागेपासून तुमचं घर वाऱ्याच्या तोंडावर आहे," ती म्हणाली. "हिचं रडणं तिकडे ऐकू यायचं. ते ऐकलं की मला पान्हा फुटायचा. माझा मुलगा झाडाखाली झोपलेला, आणि इकडे माझे कपडे पुढून भिजलेले. कामावर सगळ्यांसमोर. रोज तेच. मग एक दिवस खुरपं टाकलं आणि आले."

"म्हणजे तुझीच सोय झाली."

"हो. तसंच समजा."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. हे तिला कळण्यासारखं होतं. छाती भरून आली की काय यातना होतात ते तिलाही ठाऊक होतं. हिला हलकं व्हायचं होतं, आपल्या पोरीला भरायचं होतं. फिटंफिट. कुणाचं कुणावर ओझं नाही. त्या दिवशी तिने पायरीवर पाणी टाकलं नाही, पण पाणी विचारलंही नाही.

हे समाधान फार टिकलं नाही. एका दुपारी थोरली गोठ्यातून आली तर पायरी रिकामी, आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आत दोघींची कुजबुज. थोरलीच्या डोक्यात वीज चमकली. हे असं होतं तर. म्हातारीला टाळून सुनेला हाताशी धरायचं. तिने दाराला कान लावला.

"लाव. कोरडं असलं तरी लाव," वरची सून म्हणत होती.

थोरलीने दार ढकललं. सून भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोर तिच्या छातीशी होती, आणि वरची सून गुडघ्यांवर बसून पोरीचं डोकं हाताने तोलून धरत होती.

"काय चाललंय? तिला येत नाही तर पोरीला कशाला छळता?"

"ओढू दे तिला, काकू. ओढलं की येतं. आधी इथे, मग माझ्याकडे. माझ्याकडे पोटभर मिळाल्यावर इथे कशाला तोंड लावेल? म्हणून आधी इथे." मग सुनेला म्हणाली, "दुखतंय ना? दुखू दे थोडं. माझ्या बहिणीचं असंच परत आलं होतं."

थोरली तशीच मागे फिरली आणि गोठ्यात जाऊन बसली. शेण काढायचं राहिलं होतं, तरी हात चालेनात. ती एकेक धागा उसवून बघत होती. जिला आपल्याला बांधून ठेवायचंय, ती दोरी आपल्याच हाताने का सोडेल? सुनेला दूध आलं की हिची गरज संपली. गरज संपल्यावर काय मागणार? आणि स्वतःची सोय म्हणावी, तर सुनेचं दूध आणायची खटपट हिने कशाला करायची? कुठूनही धरलं तरी निसटत होतं. थोरलीला रागच आला. चोराचा येतो तसा नव्हे, हिशेब चुकवणाऱ्या माणसाचा येतो तसा.

आणि आता वरची सून वाळत चालली होती. गळ्याची हाडं वर आली होती. परवा उठताना तिने खांब धरला होता आणि थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली होती. तिचा मुलगाही किरकिरा झाला होता. आपल्या डोळ्यांसमोर सुकून दाखवतेय की काय, असंही थोरलीच्या मनात येऊन गेलं.

खरं काय ते त्यांच्या शेतातच कळेल, असं ठरवून ती दुपारी शेळी हरवल्याचं निमित्त करून वरच्यांच्या बांधाला गेली. शेळी गोठ्यात बांधलेली होती. ज्वारीच्या उभ्या कडब्याच्या आडोशाला ती थांबली. झाडाखाली वरचे जेवायला बसले होते. वरची म्हातारी भांड्यातून वाढत होती. मुलाला वाढलं, मजुरणीला वाढलं, स्वतःला घेतलं. सून ताट घेऊन बसली होती. म्हातारीने खरवडून हातभर लांबून काहीतरी टाकलं आणि भांडं पालथं घातलं.

"आणखी हवं असेल तर खालच्यांकडे मागायचं," ती म्हणाली. "दूध त्यांना आणि दाणे आमचे, असं कसं चालेल?"

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. मजुरणीने हसू दाबलं. सुनेने ताटातलं दोन घासांत संपवलं, लोटाभर पाणी प्यायली, दुसरा लोटा प्यायली, मग मुलाला पाजायला घेतलं. त्याचं झाल्यावर खुरपं उचलून सरीत जाऊन बसली. इतर अजून जेवतच होते.

थोरली आडोशालाच खाली बसली. ऊन टाळूवर येत होतं. इतके दिवस ती बाई आपल्या पायरीवर बसत होती, आणि तू जेवलीस का, एवढं एक विचारायला आपली जीभ उचलली नाही. आपल्याला वाटत होतं विचारलं की अडकलो. आणि ती तर उपाशी पोटी येत होती. त्यातही जुनी खोड गेली नव्हती. मग येते कशाला, हे मनात आलंच. पण या वेळी त्याला उत्तर शोधायला मन पुढे धावेना.

दुसऱ्या सकाळी तिने भात टाकला, अंडी फोडली, वर तुपाची धार सोडली. वरची सून आली तेव्हा थोरलीने आतलं दार उघडलं. "आत ये. पायरी तापते."

ताट बघून ती थबकली.

"जेव आधी," थोरली म्हणाली. "नंतर पाज."

ती जेवायला बसली. पोरीला मांडीवर घेऊन, एका हाताने. पहिले घास हळू खाल्ले, मग राहवेना. चेहरा ताटावर इतका वाकला की केस भातात जातील असं वाटलं. थोरली चुलीकडे तोंड करून उगाच लाकडं हलवत राहिली. आणखी वाढताना तिने वर पाहिलं नाही.

मुलगा फावडं न्यायला आला आणि दारातच थांबला. "हे काय? आता जेवणसुद्धा?"

"हो."

"आई, मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलं होतं मी. तू फावडं घे आणि जा."

त्याला आणखी बोलायचं होतं. पण तेवढ्यात त्याची बायको, जी बाळंतपणापासून आपणहून उठली नव्हती, ती भिंत धरून चुलीपर्यंत आली आणि खाली बसली. "मलाही वाढा," ती म्हणाली. "ती म्हणते, खाल्ल्याशिवाय येत नाही." मुलगा फावडं घेऊन गेला.

दूध परत आलं ते थेंबाथेंबानेच. आधी पोरीच्या ओठाला नुसता ओलावा. मग एक दिवस तिच्या घशात तो गटगट आवाज आला आणि सून रडू लागली, हसू लागली. वरची सून आधी दोनदा यायची ती एकदा येऊ लागली, मग एक दिवसाआड. शेवटच्या दिवशी हा शेवटचा दिवस आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ती जेवली, ताट घासून पालथं घातलं, पोरीच्या टाळूवरून हात फिरवला आणि गेली. मग आलीच नाही. थोरली काही दिवस जास्तीचा भात टाकत राहिली.

मागायला कुणी आलं नाही. नवराही नाही, म्हातारीही नाही.

मग पाटाची दुरुस्ती निघाली आणि नेमकं वरच्यांच्या पाळीला पाणी बंद राहिलं. पाणी सुटलं तेव्हा पाळी यांची होती. वरच्यांच्या कांद्याच्या पाती पिवळ्या पडून लोळत होत्या. आणखी एक पाळी वाट बघितली असती तर गड्डा धरायच्या आतच सगळं गेलं असतं. थोरलीला ते आपल्या अंगणातून दिसत होतं.

"आपल्या पाण्यातलं अर्धं त्यांना सोडू," ती मुलाला म्हणाली.

"म्हणजे शेवटी पाणीच. मी पहिल्या दिवशी काय बोललो होतो?"

हे थोरलीच्या वर्मी लागलं. आता पाणी दिलं तर सगळी वस्ती हेच म्हणणार, दुधाचं मोल वसूल झालं. वरची म्हातारी म्हणेल, सुनेने चांगला सौदा केला. त्या बाईने उपाशी राहून जे केलं त्याला आपणच किंमत चिकटवायची. आणि नाही दिलं तर डोळ्यांदेखत तिचं पीक वाळवायचं. थोरली दिवसभर घुसमटली.

वरची सून पिठाच्या गिरणीत सापडली, रांगेत, डोक्यावर डबा. गिरणीच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. थोरलीने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पाणी, लोक, सौदा, सगळं.

वरच्या सुनेने ऐकून घेतलं. डबा एका हाताने सावरत ती म्हणाली, "द्या की, काकू. कांदे वाळतायत."

"पण लोक तुला काय म्हणतील?"

"आत्ताही म्हणतातच." मग तिचा नंबर आला आणि ती डबा उतरवायला वाकली.

पाळीच्या दिवशी मुलगा अंगणात पाय पसरून बसून राहिला. "शेत अजून माझ्या नावावर आहे," थोरली म्हणाली आणि फावडं स्वतः उचललं. वरच्यांच्या तोंडाशी जाऊन तिने बुजवलेली माती फोडली. म्हातारे हात, माती दगड झालेली. तरी शेवटी पाणी वळलं आणि भसकन आत घुसलं. आपल्या खालच्या वाफ्यांना आता कमी पडणार, हे तिला दिसत होतं.

वरच्या सुनेचा नवरा फावडं उगारूनच पळत आला. "काय फोडताय, काकू?"

"तुझं शेत भिजवतेय."

त्याने फावडं खाली केलं नाही. मागून त्याची आई घराच्या दारातून ओरडत होती, "हात लावू नको त्या पाण्याला. उद्या चोरीचा आळ आपल्यावर घालतील. काहीतरी काळंबेरं आहे." पाणी सरीत भरून उगाच बांधाकडे वाहू लागलं. थोरली चिखलात उतरली आणि पहिल्या वाफ्याचं दार फोडलं. तेवढ्यात वरची सून आली. मुलगा पाठीवर बांधलेला. तिने नवऱ्याच्या हातातून फावडं काढून घेतलं, दुसऱ्या टोकाला गेली आणि माती ओढू लागली. दोघी वाफ्यामागून वाफा भिजवत पुढे सरकल्या.

तिचा नवरा पाटाच्या काठाने वर चालत गेला. वाकून पाणी कुठून येतंय ते पाहिलं. परत आला. थोरलीच्या शेताकडे नजर टाकली, तिथे कुणी साक्षीला उभं आहे का ते पाहिलं. मग थोरलीचं तोंड न्याहाळलं. ती नजर थोरलीच्या चांगली ओळखीची होती. तिने काम थांबवलं नाही, त्याला बघू दिलं.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "आणि झालं की खालच्या वाफ्याचं दार धर. पाणी फुकट चाललंय."

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. आईच्या हाका चालूच होत्या. मग त्याने चपला काढल्या, बांधावर ठेवल्या आणि हातानेच माती ओढायला चिखलात उतरला.